एका केसाला एक दाणा

मैत्रिणींनो, भुट्टा भाजायला घेतला की सगळ्यात जास्त वैताग कशाचा येतो? त्या केसांचा! वरची हिरवी पानं एका झटक्यात निघतात, पण ते पिवळसर तांबूस, चिकट केस दाण्यांच्या ओळीत असे रुतून बसतात की चिमटीनं एकेक उपसावा लागतो. पोरं तर तोंडात केस आला की भुट्टाच टाकून देतात. पण एकदा निवांत बसून बघाच. कवळ्या कणसावरची पानं हलक्या हातानं सोडवा आणि एक केस धरून त्याच्या मुळापर्यंत जा. तो एका दाण्याला चिकटलेला दिसेल. शेजारचा केस शेजारच्या दाण्याला. जितके दाणे, तितके केस, आणि कणसावर पाच-सहाशे दाणे म्हणजे काही थोडेथोडके नाहीत.

हा केस म्हणजे त्या दाण्याच्या जन्माची वाट आहे. ती वाट मला नीट समजली ती एका माणसाचं आयुष्य वाचताना. आणि हा माणूस कुणी परदेशी शास्त्रज्ञ नव्हे, आपल्या विदर्भातला. वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर पार्टीचे क्रांतिकारक म्हणून त्यांचं नाव पुष्कळांना ठाऊक असतं. पण बंदूक घेऊन घराबाहेर पडलेला हा मुलगा पुढं जगाच्या दुसऱ्या टोकाला मक्याचं लग्न लावत बसला, हे फार कमी जणींना माहीत आहे.

पांडुरंग जन्मला १८८४ मध्ये. सुरुवातीचं शिक्षण वर्ध्यात, पुढं नागपुरात. तो बारा-पंधरा वर्षांचा होता तेव्हा आपल्या भागात लागोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले. एक १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. वऱ्हाड आणि मध्यप्रांतानं तेव्हा जे भोगलं ते आपल्या पणज्यांच्या पिढीनं पाहिलेलं. माझ्या माहेरी जुन्या बायका 'छपन्नचा काळ' म्हणून त्याचं नाव काढायच्या, संवत १९५६ चा म्हणून. अशा वयात भूक डोळ्यांनी बघितलेला मुलगा ती विसरत नाही, असं मला तरी वाटतं. त्याच्या पुढच्या आयुष्याचा दुसरा अर्थच मला लावता येत नाही.

त्या वेळी मात्र त्याच्या डोक्यात स्वातंत्र्य होतं. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारावलेला हा तरुण देश सोडून आधी जपानला आणि तिथून अमेरिकेला गेला. तिथं त्यानं दोन गोष्टी शिकायच्या ठरवल्या, युद्ध आणि शेती. कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी अकादमीत त्यानं धडे घेतले आणि वॉशिंग्टन राज्यातल्या सरकारी कॉलेजातून १९१३ मध्ये शेतीशास्त्राची पदवीही घेतली. त्याच साली गदर पार्टी उभी राहिली. तिच्या पहिल्या फळीत लाला हरदयाळ होते, आपला विष्णु गणेश पिंगळे होता, आणि खानखोजेही होते. पिंगळे हिंदुस्थानात परतला आणि १९१५ मध्ये लाहोरला फासावर गेला. खानखोजे पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत इराणकडं गेले, ब्रिटिश फौजांशी लढले. युद्धानंतर बर्लिन, मग मॉस्को. घराकडं यायची वाट बंद झालेली, कारण ब्रिटिशांच्या काळ्या यादीत नाव पडलेलं.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले. वय चाळीस. हातात पैसा नाही, देश नाही. पण शेतीची पदवी होती आणि कॅलिफोर्नियातल्या दिवसांत झालेल्या मेक्सिकन ओळखी होत्या. मेक्सिकोत नुकतीच मोठी क्रांती होऊन गेली होती, जमीनदारांच्या जमिनी शेतकऱ्यांना वाटल्या जात होत्या. चापिंगो नावाच्या गावी राष्ट्रीय कृषी विद्यालय होतं. तिथं खानखोजे प्राध्यापक झाले. आणि तिथंच मका त्यांच्या आयुष्यात आला.

आता मेक्सिको म्हणजे मक्याचं माहेर. आपल्याकडं ज्वारी तशी तिथं मका. सकाळ-संध्याकाळ त्याच्याच भाकऱ्या. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतातून निवडत निवडत मका घडवला. त्या गवताला तेओसिंते म्हणतात. ते आजही तिथं उगवतं. त्याचं कणीस बघाल तर हसाल. बोटाएवढं, आणि त्यावर जेमतेम पाच ते बारा दाणे, तेही दगडासारख्या टणक कवचातले. ह्याचा आणि आपल्या भरगच्च भुट्ट्याचा काही नातं असेल असं वाटणारच नाही! पण दोघं इतके जवळचे की त्यांचं एकमेकांशी जमतं, दाणा धरतो आणि तो उगवतोही.

हे जमणं म्हणजे काय, ते आधी बघू. त्याशिवाय खानखोज्यांनी काय केलं ते कळायचं नाही.

परसात भोपळ्याचा किंवा दोडक्याचा वेल असेल तर तुम्हाला हे अर्धं ठाऊकच आहे. वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. काही नुसत्या देठावर, दोन दिवसांनी गळून जाणारी. ती नर फुलं. काहींच्या खाली मुळातच इवलंसं फळ असतं, ती मादी. मधमाशी एकीकडून दुसरीकडं गेली, पराग लागला, तर ते इवलं फळ वाढतं. नाही लागला, तर पिवळं पडून झडतं. आमच्या गल्लीतल्या एक काकू भल्या सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच टेकवतात आणि त्यांच्या वेलाला भोपळे मोजायला लागतात. कापसाची गोष्ट निराळी. त्याच्या एकाच फुलात दोन्ही भाग असतात. पपईची तर झाडंच वेगळी निघतात, म्हणून नुसतं नराचं झाड वाढवून बसलेली माणसं गावोगाव सापडतात.

मक्याचं काय? एकाच धाटावर दोन्ही, पण लांब लांब. शेंड्याला जो तुरा येतो तो नर. मधल्या पानाच्या बगलेत जे कणीस फुटतं ती मादी. कणसाच्या आत दाण्यांच्या जागा आधीच मांडून ठेवलेल्या असतात, अगदी ओळीनं. गंमत म्हणजे ओळी नेहमी सम संख्येत, बारा, चौदा, सोळा. मोजून बघा. प्रत्येक जागेतून एक केस निघतो आणि पानांच्या घड्यांमधून वाढत वाढत बाहेर डोकावतो. सगळ्यात खालच्या दाण्यांचे केस आधी बाहेर येतात, टोकाचे सगळ्यात शेवटी.

सकाळचं दव सुकलं की तुऱ्यातून पिवळी भुकटी झडायला लागते. मक्याच्या वावरातून चालत गेलं की पानांवर, खांद्यावर, केसांत ती बसते. एका तुऱ्यात लाखोंनी कण असतात. वाऱ्यावर उडून त्यातला एखादा ओल्या केसावर पडला की तिथंच चिकटतो आणि रुजतो. हो, रुजतो! त्याला एक बारीक नळी फुटते आणि ती केसाच्या आतून खाली खाली वाढत जाते. कण डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा, आणि रस्ता वीतभर, कधी त्याहून लांब. तरी साधारण एका दिवसात नळी दाण्याच्या जागेपर्यंत पोचते.

पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ती नळी एक नव्हे, दोन नरपेशी घेऊन येते. एक जाऊन मिळते ती अंड्याला, त्यातून अंकुर होतो. दुसरी शेजारच्या पेशीला मिळते आणि त्यातून होतं त्या अंकुराचं अन्न, म्हणजे पीठ. फुलणाऱ्या झाडांमधलं हे दुहेरी मीलन रशियन साम्राज्यातल्या कीव्ह शहरात सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे आपण ज्वारीची भाकरी थापतो, गव्हाची पोळी लाटतो, ते पीठ त्या दुसऱ्या मीलनाचं असतं. आईनं बाळासाठी बांधून दिलेली शिदोरीच ती, आणि तीच आपण खातो. भिजवलेला मक्याचा दाणा उभा चिरला तर दोन्ही वेगळे दिसतात, टोकाकडं मऊसर अंकुर आणि बाकी सगळं पीठ. तुरीत, हरभऱ्यात असं दिसत नाही, कारण तिथला अंकुर ती शिदोरी आधीच संपवून आपल्या दोन डाळींत साठवून ठेवतो.

म्हणजे कणसावरच्या प्रत्येक दाण्याचं लग्न वेगळं लागतं. आई एक, पण बाप निराळे असू शकतात. पांढऱ्या मक्याच्या कणसात मधेच चार-दोन पिवळे दाणे दिसतात ना? शेजारच्या वावरातल्या पिवळ्या मक्याची भुकटी वाऱ्यानं आलेली असते. ज्या केसावर कण पडलाच नाही, तिथं दाण्याची जागा रिकामी. केस बाहेर यायच्या वेळी पावसानं ओढ दिली किंवा ऊन फार तापलं, तर केस उशिरा येतात, तोवर तुरा झडून गेलेला असतो, आणि कणीस बोडकं निघतं. खत कमी पडलं म्हणून आपण हळहळतो, पण कधी कधी चूक खताची नसतेच. पंधरा दिवसांचा मुहूर्त हुकलेला असतो.

तर खानखोजे चापिंगोत हे मुहूर्त स्वतःच्या हातात घेत होते. मक्याचा संकर करायचा म्हणजे कणसाचे केस बाहेर यायच्या आत त्यावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे वाऱ्याचा कुठलाच कण बसणार नाही. ज्याचा पराग हवा त्या झाडाच्या तुऱ्याला दुसरी पिशवी. सकाळी तुरा पिशवीत झटकायचा, पिवळी भुकटी गोळा करायची आणि नेमक्या त्या केसांवर शिंपडून पिशवी परत बांधायची. वर चिठ्ठी, आई अमुक, बाप तमुक. मग दाणे पक्के व्हायची वाट बघायची, पेरायचे, निवडायचे, पुन्हा बांधायचं. एका फेरीला एक हंगाम. बॉम्ब करायला शिकलेल्या हातांना किती धीर धरावा लागला असेल! मी कधी कधी विचार करते, हा धीर त्यांनी कुठून आणला असेल?

त्यांनी मक्याचा संकर त्या रानटी तेओसिंतेशी करून बघितला. रानगवत काटक असतं, त्याला एका धाटावर पुष्कळ कणसं येतात. तो गुण मक्यात उतरवायचा खटाटोप होता. थंडी आणि कोरडा दुष्काळ सोसणाऱ्या जातींवरही त्यांनी काम केलं. मक्याच्या नव्या जातींवरचं त्यांचं पुस्तक १९३० मध्ये निघालं. 'ग्रानादा', म्हणजे डाळिंब, असं नाव दिलेल्या मक्यावर १९३६ मध्ये दुसरं निघालं. गहू, कडधान्यं, रबर यांवरही त्यांनी हात चालवला, पण जीव मक्यात.

मला मात्र त्यांच्या प्रयोगांहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. फी नाही, मोठ्या डिग्र्या नाहीत. ज्याच्या पायात चिखल त्यानं यावं आणि शिकावं. एका शाळेला मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा पुढारी एमिलियानो झापाटा याचं नाव होतं. टीना मोडोटी नावाची इटलीत जन्मलेली गुणी छायाचित्रकार तेव्हा मेक्सिकोत होती. तिनं या शाळांचे आणि खानखोज्यांच्या मक्याचे फोटो काढले. आणि दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं तर मेक्सिको सिटीतल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांनाच रंगवलं. नाना तऱ्हेची माणसं एका टेबलाभोवती बसली आहेत आणि आपले वर्धेकर मधोमध, भाकरी वाटून देताहेत. त्या चित्राचं नावच 'आमची भाकरी' अशा अर्थाचं आहे. आपल्या गावच्या भिंतीवर यांचं चित्र नाही आणि तिकडं आहे, हे वाचून मला जरा लाजल्यासारखं झालं.

आता आमच्या पिंपळगाव राजाचं सांगते. आमच्या खामगाव तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिकं, पण मक्याची वावरंही आता सगळीकडं दिसतात. माझ्या सासूबाई दरवर्षी खळ्यावरून चार-पाच देखणी कणसं बाजूला काढायच्या, पानं सोलून त्यांचीच वेणी घालायच्या आणि चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवायच्या. धुरानं किडा लागत नाही. पेरणीच्या वेळी टोकाचे आणि बुडाचे दाणे सोडून मधले घ्यायच्या. बियाणं हे बाईचं काम होतं, आणि त्यात कुणी पुरुष बोलायचा नाही.

खानखोजे वाचल्यावर मला त्या आढ्याकडं वेगळ्या नजरेनं बघता आलं. सासूबाई निवडायच्या ती आई. चांगलं कणीस म्हणजे चांगली आई. बाप कोण, ते वाऱ्यालाच माहीत! कागदी पिशवीनं तो बापही माणसाच्या हातात दिला. एवढ्या साध्या युक्तीनं. त्यासाठी कारखाना लागत नाही, कागद, सुतळी आणि सकाळचे दोन तास लागतात. ही युक्ती झाडाखाली बसून कुणालाही शिकवता येते, आणि खानखोज्यांनी तेच केलं.

आपल्याकडं ही युक्ती आली, पण वेगळ्या रस्त्यानं. आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडं बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत. तिथं काम करणाऱ्या बहुतेक बायकाच. संकरित कापसाच्या बियाण्यासाठी संध्याकाळी कळी हळूच सोलून तिच्यातला नर भाग काढून टाकायचा, गर्भाला धक्का लावायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग त्यावर फिरवायचा. दिवसाला शेकडो कळ्या. बोटं बारीक आणि हात हलका म्हणून बायका हव्यात, असं सरळ सांगितलं जातं. मक्याच्या प्लॉटमध्ये आईच्या ओळींचे तुरे उपटायचे असतात, एकही राहून चालत नाही. हे काम करणाऱ्या एकीला मी विचारलं होतं, हे कशासाठी करता? ती म्हणाली की 'क्रासिंग' म्हणतात त्याला, पुढचं मालकाला माहीत. चापिंगोत प्राध्यापक जे करायचा तेच ही बाई रोजंदारीवर करते, आणि तिला कुणी पाच मिनिटं बसून समजावून सांगितलेलं नाही. मला याचा राग येतो.

आणि पिशवीतलं बी दरसाल विकत का घ्यावं लागतं, तेही यातूनच कळतं. दोन वेगळ्या घराण्यांचा संकर पहिल्या पिढीत जोमदार येतो, सगळी झाडं एकसारखी. त्यातलीच कणसं ठेवून पुढल्या वर्षी पेरली तर आजी-आजोबांचे गुण विस्कटून वर येतात, एक झाड उंच, एक बुटकं, उतारा घटतो. त्यात फसवणूक नाही, झाडाचा नियमच तो. पण संकर कसा होतो हे ज्याला माहीत आहे आणि ज्याला नाही, त्या दोघांचा दुकानदाराशी बोलण्याचा सूर एकसारखा राहत नाही.

खानखोज्यांच्या संसाराबद्दल थोडं सांगते, कारण तुम्ही विचारालच. लग्न केलं ते १९३६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. बायको बेल्जियमची, जॅन सिंडिक. दोन मुली झाल्या, सावित्री आणि माया. मुलींची नावं बघा! वऱ्हाड-नागपूर सुटून तीस वर्षं होत आलेली, तरी नावं इथली. घरी परतायचे त्यांचे प्रयत्न इंग्रजांनी फेटाळले. देश स्वतंत्र झाल्यावरच दार उघडलं. पुढं ते कुटुंबासह नागपुरात येऊन राहिले. बेल्जियमची बाई मेक्सिकोतून उठून नागपूरच्या उन्हाळ्यात संसार मांडते, यावर खरं तर वेगळा लेख लिहायला हवा.

नागपुरात ते आले तेव्हा त्यांना ओळखणारे थोडेच उरले होते. सोबतचे कुणी फासावर गेले, कुणी परमुलखात विरले. इकडं देशात धान्याची टंचाई होती, रेशनच्या रांगा होत्या, अमेरिकेतून गव्हाची जहाजं येत होती. १९६६ मध्ये सरकारनं अठरा हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं परदेशातून मागवलं. ते आलं कुठून? मेक्सिकोतून! १९४४ मध्ये तिकडं गेलेल्या नॉर्मन बोरलॉग यांनी तिथल्या शेतात चिमट्यानं गव्हाच्या ओंब्या सोलून, पराग टाकून तो घडवला होता. त्यांच्या कामाची एक जागा चापिंगोचीच. त्या गावात वीस वर्षं आधी तसल्याच पिशव्या बांधून गेलेला माणूस तेव्हा नागपुरात म्हातारपणाचे दिवस काढत होता.

२२ जानेवारी १९६७ ला खानखोजे गेले. सावित्री साहनी या त्यांच्या मुलीनं वडिलांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते २००८ मध्ये आलं. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.